मिस्टर यूएन मिशनवर चाललेत, सुट्टीचे नऊ दिवस उरलेत. काय काय उरकून घेऊ?

गिरणाकाठची
नमस्कार. बऱ्याच दिवसांपासून इथं नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मिस्टर आर्मीत आहेत, चौदा वर्षं झाली सर्विसला. काश्मीर झालं, अरुणाचल झालं, त्याची आता सवय झालीय, वर्षातून दोन वेळा सुट्टी आणि रात्रीचा फोन. पण या वेळी यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानला चाललेत, वर्षभरासाठी. दिल्लीला ट्रेनिंग झालं, पिवळ्या तापाची लस टोचून झाली, आणि जायच्या आधीची सुट्टी म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आले. [तारीख, पलटण आणि गावाचं नाव काढलं आहे. – संपादक] वीस दिवस होते, त्यातले अकरा कसे गेले कळलंच नाही.

म्हणजे कळलं, सांगते. पहिले चार दिवस पावणेरावळ्यांची जेवणं, रोज कुणाकडे तरी भरीत नाहीतर मांडे, मग आखाजी, नणंदा आल्या, झोके, गौराई, त्यात दोन दिवस. मग हे जे पत्र्यावर चढले ते अजून खाली उतरले नाहीत असंच समजा. पत्रे बदलले, गेटला वेल्डिंग केलं, विहिरीच्या मोटरची केबल नवी टाकली, आता म्हणतात गोठ्याला कोबा करून टाकतो. मी म्हटलं अहो बसा की जरा पोरीजवळ, तर म्हणे पाऊस आला की कोण करणार. पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत. रात्री झोपताना विचारतात की अजून काय राहिलंय सांग, आणि तेव्हा मला काही म्हणजे काही आठवत नाही, आणि सकाळी चुलीजवळ सतरा गोष्टी आठवतात. काल तर गॅसच्या रेग्युलेटरवरून भांडण झालं आमचं, एवढ्याशा गोष्टीवरून, दोघं रात्री जेवलो नाही.

सासूबाई रोज एक डबा भरून ठेवतात, बिबडे (ज्वारीचे पापड), कळण्याचं पीठ, काळा मसाला, डिंकाचे लाडू. एवढं नेता येतं का तरी? पोरगी साडेतीन वर्षांची आहे, ती सगळ्यांना सांगत फिरते की पप्पा सुदानला चालले, आणि मला हळूच विचारते सुदान जळगावच्या पुढं आहे का. तिला काय सांगू? आणि शेताचं एक लचांड आहे, चुलत सासऱ्यांशी बांधावरून वाद, तहसीलला अर्ज पडलाय, हे नसताना तारीख लागली तर मी एकटी काय करणार. शेती चार एकर यांच्या नावावर, पाणी आहे म्हणून मे महिन्याच्या शेवटी कापूस लावतो. कागदपत्रांचं मला फारसं कळत नाही, आतापर्यंत सगळं हेच बघायचे, सुट्टीत येऊन.

ज्यांच्या घरचं कुणी मिशनला जाऊन आलंय त्यांनी प्लीज सांगा, नऊ दिवसांत नक्की काय काय उरकून घ्यायचं.

धुळ्याची_वहिनी
ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझाच गोठा आठवला, आमच्याकडे गच्चीची टाकी होती एवढाच फरक. आमचे हे आधी लेबनॉनला आणि नंतर काँगोत गोम्याला, असे दोन वेळा जाऊन आले. जायच्या आधी ही माणसं अशीच करतात, हाताला काम लागतं त्यांना, कारण बसलं की विचार येतात. ती भांडणं पण सगळ्यांच्या घरी होतात, आमच्याकडे तर टॉवेलवरून झालं होतं. मनावर घेऊ नका, पण जेवत जा बाई, उपाशी झोपून काय होतं.

आता कामाचं बोलते. तुम्ही विचारताय ह्यांच्याकडून काय काय उरकून घेऊ, मी म्हणते त्यांना काहीच उरकू देऊ नका. कोबा वगैरे गावातला मिस्त्री करेल. हे नऊ दिवस कामं तुम्ही करायची आणि त्यांना शेजारी खुर्ची टाकून बसवायचं. मोटरचा स्टार्टर तुम्ही चालू करा, फ्यूज गेला तर तुम्ही बघा, बँकेत स्लिप तुम्ही भरा, सोसायटीच्या सेक्रेटरीशी तुम्ही बोला, त्यांनी फक्त बघायचं आणि अडलं तर सांगायचं. पहिल्या वेळी मी असं केलं नव्हतं. हे सगळं करून गेले, अगदी डायरीत लिहून गेले, आणि आठव्या दिवशी सिलिंडर आणणारा पोरगा दारात उभा राहून म्हणतो कोड सांगा. कोड कुठं गेला? लेबनॉनला! गॅस यांच्या नावावर, नंबर यांचा, आणि हे पोस्टवर, फोन बंद. तो पोरगा सिलिंडर घेऊन परत गेला आणि मी चार दिवस शेजारणीच्या शेगडीवर स्वयंपाक केला.

तेव्हा ताई, आज रात्री एक वही घ्या आणि फक्त एवढंच लिहा की कुठल्या कुठल्या गोष्टीचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतो. तुम्हीच घाबराल एवढी यादी होईल. गॅस, लाईट बिल, बँक, पोरीचं आधार, सासूबाईंचं आधार (हे हमखास मुलाच्या नंबरला जोडलेलं असतं), पीक विमा, कँटीनचं कार्ड. जिथं जिथं नंबर बदलता येतो तिथं तुमचा टाका. सासूबाईंच्या आधारचा नंबर बदलायला त्यांना स्वतःला केंद्रावर घेऊन जा, तिथं रांग असते, म्हणून ते पहिल्यांदा करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्यांचं इथलं सिम काढून एखाद्या साध्या मोबाईलमध्ये घालून घरी ठेवा आणि रिचार्ज मारत राहा. तीन महिने वापर नाही झाला आणि बॅलन्सही नसला तर कंपनी नंबर बंद करते आणि तोच नंबर पुढं दुसऱ्याला देते, मग बसा बोंबलत. बँकेचं खातं जॉइंट करून घ्या, एटीएम ज्याचं त्याचं वेगळं.

आणि हो, सैनिक कल्याण ऑफिसला एकदा तुम्ही स्वतः जाऊन या, त्यांना घेऊन. तिथल्या माणसांना तुमचा चेहरा माहीत पाहिजे. दिल्लीला नाहीतर सेंटरला जी रिअर पार्टी मागं राहते ना, तिथल्या साहेबांचा आणि क्लार्कचा नंबर तुमच्या मोबाईलात पाहिजे, सासरे, दीर यांच्या नाही, तुमच्या.

पोरीचं नंतर लिहिते, कुकर लागलाय.

बांधावरचा_वकील
वहिनी नमस्कार, मी अमळनेरला प्रॅक्टिस करतो, सिव्हिल आणि रेव्हेन्यू दोन्ही. तुमच्या बांधाचं सांगतो, घाबरू नका.

फौजी माणसासाठी एक जुना कायदा आहे, भारतीय सैनिक (दावे) अधिनियम १९२५ असं म्हणता येईल, इंग्रजांच्या काळातला पण आजही चालू आहे. त्यात असं आहे की सैनिक युद्धाच्या परिस्थितीत किंवा देशाबाहेर नोकरीवर असेल आणि त्याच्या वतीने बोलायला कुणी नसेल तर त्याच्याविरुद्धचं काम तेवढा काळ थांबवता येतं, सिव्हिल कोर्टातलं पण आणि महसुली पण. त्यासाठी त्याच्या कमांडिंग ऑफिसरचं सर्टिफिकेट लागतं. शिवाय दावा लावायची जी मुदत असते त्यातून हा बाहेरचा काळ वगळून धरतात. म्हणजे तो तिकडे आहे तोवर इकडे कुणी गुपचूप निकाल लावून घेतला असं सहजासहजी होत नाही. पण हे आपोआप होत नाही बरं का, कुणीतरी तहसीलला जाऊन सांगावं लागतं की खातेदार सैनिक आहे आणि परदेशात आहे. बरेच जण तिथंच मार खातात, समोरचा कशाला सांगेल! म्हणून मिस्टर दिल्लीला परत गेले की निघायच्या आधी युनिटमधून तसं पत्र घेऊन तुम्हाला पाठवायला सांगा, आणि तुम्ही ते अर्ज लावून तहसीलमध्ये द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही.

दुसरं, मुखत्यारपत्र. ते इथं असतानाच करा, कारण एकदा देशाबाहेर गेलं की तिथल्या वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं, मग इथं आल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प भरायचा, नसती कटकट. पण कुलमुखत्यारपत्र कुणालाही देऊ नका, भाऊ असो नाहीतर मेव्हणा. खास मुखत्यारपत्र करा, त्यात स्पष्ट लिहा की अमुक गटाच्या शेताच्या कामासाठी, तहसीलमधल्या या प्रकरणात हजर राहण्यासाठी, पीककर्जासाठी, आणि विक्री किंवा गहाणाचा अधिकार नाही असंही लिहा. तुमच्याच नावाने करा, तुम्ही बायको आहात म्हणून आपोआप सही चालते असं नाही.

ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद करायला, त्यांचा मोबाईलच लागतो असं काही नाही, एकाच मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होते, तुमच्या मोबाईलात ॲप टाकून त्यांच्यासमोर एकदा खातं निवडून बघा. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, ओट्यावरून जमत नाही. फी नको, आखाजीच्या मांड्यांवर भागेल.

मलाकाल_रिटर्न
ताई मी २०१५-१६ ला तिकडेच होतो, आता रिटायर, पाचोऱ्याकडे शेती करतो. पहिलं म्हणजे मॉडरेटर साहेबांनी तारीख काढली ते बरं केलं. स्टेटसला पण काही टाकू नका, यूएनच्या निळ्या टोपीचा फोटो, स्टेशनवरचा फोटो, काहीच नाही, पोचून महिना झाल्यावर काय हौस करायची ती करा. नातेवाईकांना पण सांगून ठेवा, आपल्याकडे भाचे लोकांना फार घाई असते आणि वर गाणं लावतात.

मुलूख कसा आहे ते सांगतो म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर येईल. माती आपल्यासारखीच काळी, कापसाची, शपथ सांगतो, उतरल्यावर पहिल्यांदा ढेकूळ उचलून बघितलं मी. उन्हाळ्यात भेगा आणि पाऊस लागला की चिकट गारा, गाडी फसली की फसली. मे ते ऑक्टोबर पाऊस, तेव्हा रस्ते बंद आणि पेट्रोलिंग म्हणजे निम्मा वेळ गाडी ढकलणे. आपले इंजिनिअरवाले तिकडे रस्ते नीट करतात. आणि तिथले लोक गुराढोरांवर जीव टाकणारे, गाय म्हणजे इज्जत, लग्न ठरतं ते गायींवर. आपल्या बटालियनबरोबर जनावरांचे डॉक्टर होते, आपल्या आर्मीचेच, त्यांच्या दवाखान्यासमोर जेवढी गर्दी असायची तेवढी कुणासमोर नसायची. भले मोठ्या शिंगांच्या गायी. आमच्यातला एक सोयगावकडचा होता, तो ड्युटी संपली की तिथंच जाऊन बसायचा, म्हणायचा घरी आल्यासारखं वाटतं.

खाण्याची काळजी करू नका, रेशन भरपूर असतं, आटा, तांदूळ, डाळ, चिकन, स्वयंपाकी आपलेच. पण तीन महिन्यांनी जीभ मरते, सगळं एकाच चवीचं लागतं. तेव्हा काळा मसाला म्हणजे सोनं! सासूबाईंना सांगा मसाला जास्त द्या, शेंगदाण्याची सुकी चटणी द्या, लाडू कमी. कळण्याचं पीठ देऊ नका, वाटेतच जाळी लागते, वर्षाचं पीठ तर नाहीच नाही. बिबडे नेतील पण पोचेपर्यंत काय अवस्था होईल ते देव जाणे. लोणचं नको, एकाच्या बॅगेत बरणी फुटली आणि पूर्ण वर्ष त्याच्या युनिफॉर्मला कैरीचा वास. वजन किती ते युनिट सांगतंच, त्याच्यावर दोन किलो कमीच भरा.

बॅगेत हे टाका: चांगल्या प्रतीच्या चड्डी-बनियन (हसू नका, घामाने जांघा सोलतात), पावडर, हेडलाईट म्हणजे कपाळाला बांधायची बॅटरी, नेहमीची औषधं, चष्मा असेल तर दोन, आणि नायलॉनची दोरी. दोरी कशाला लागते ते तिकडे गेल्यावर कळतं.

मलेरियाची गोळी सगळ्यात महत्त्वाची. कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवतात, आमच्या वेळी आठवड्याला एक होती, काहींना त्याने भलतीसलती स्वप्नं पडायची आणि मग लोक गुपचूप फेकायचे. ताई तुम्ही फोनवर विचारत जा गोळी घेतली का. आणि हे लक्षात ठेवा, मधल्या सुट्टीत घरी आले तरी गोळी चालू ठेवायची असते, परत आल्यावर पण चार आठवडे. आणि परत आल्यावर ताप आला तर गावातल्या डॉक्टरला आधी सांगायचं की आफ्रिकेतून आलेत, रक्त तपासा. आमच्यातल्या एकाला इकडे व्हायरल म्हणून सलाईन लावत बसले होते पाच दिवस, तो मेंदूचा मलेरिया निघाला. वाचला, पण थोडक्यात.

फोनचं म्हणाल तर कॅम्पात नेट असतं, व्हिडिओ कॉल होतो. आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे तिकडे.

नंदुरबारी
दादा, अडीच नाही, साडेतीन. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी घड्याळ तासभर मागे घेतलं. माझा भाऊ आत्ता तिकडेच आहे, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे पाच.

मलाकाल_रिटर्न
हे माहीत नव्हतं भाऊ. बरं झालं सांगितलं.

बिनधास्त_भुसावळ
एवढं काय रडायचं, डॉलरमध्ये पगार मिळतो म्हणे यूएनचा, वर्षात बंगला होतो. आमच्या ओळखीच्या एकाने येऊन ट्रॅक्टर घेतला.

धुळ्याची_वहिनी
आलं का हे. दादा, यूएन जे देतं ते सरकारला देतं, एका जवानामागं महिन्याला १,४४८ डॉलर असा दर २०२२ ला ठरला होता, तो जवानाच्या खात्यात येत नाही. त्याला आपल्या सरकारचा पगार आणि परदेशी भत्ता मिळतो, यूएनकडून हातखर्चापुरतं काही. चार पैसे जास्त राहतात, खोटं कशाला बोलू, आम्ही पण त्यात घराचा स्लॅब टाकला. पण ताई, हे ऐकून गावातले लोक उसने मागायला येतील, यादी करून ठेवा, पहिला माणूस लग्नातला मामा असेल. मिस्टरांच्या तोंडूनच सगळ्यांसमोर सांगून टाका की व्यवहार सगळा हिच्याकडे आहे आणि हिला विचारल्याशिवाय रुपया निघणार नाही. मग तुम्ही नाही म्हणायला मोकळ्या, तेवढ्याच वाईट.

पोरीचं सांगते. आमचा तेव्हा चार वर्षांचा होता. वर्ष म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, तीनशे पासष्ट दिवस सांगून उपयोग नाही. आम्ही सण मोजले. आधी कानबाई येणार, मग पोळा, मग गणपती, मग देवीचे नऊ दिवस, मग दिवाळी, मग सक्रांत, मग होळी, आणि परत आखाजीचा झोका बांधला की पप्पा. प्रत्येक सण झाला की तो भिंतीवर गेरूने एक बैल काढायचा, का बैल ते विचारू नका. आणि पहाटे ती झोपेत असताना निघून जायचं असं काही करू नका, आमच्या सासऱ्यांनी तसंच सुचवलं होतं, पोराला रडू येईल म्हणून. पहिल्या वेळी ऐकलं, नंतर दोन महिने पोरगं रात्री उठून दार तपासायचं. रडू दे स्टेशनवर. सगळेच रडतात.

गिरणाकाठची
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलंच नव्हतं. वही काढली, ओटीपीच्या एकवीस गोष्टी निघाल्या! ह्यांना वाचून दाखवलं तर आधी हसले, मग गप्प बसले. उद्या सासूबाईंना घेऊन आधार केंद्रावर चाललो. कोबा कॅन्सल.

आता दोन गोष्टी आहेत ज्या घरात कुणाला विचारू शकत नाही म्हणून इथं लिहिते. एक म्हणजे मी मोबाईलवर शोधलं आणि ते २०१३ चं वाचलं, आपले पाच जवान गेले होते ते. तेव्हापासून झोप नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात जुनं आहे ते.

दुसरं कसं लिहू कळत नाही. ह्यांच्या विम्याला आणि फंडाला वारस म्हणून अजून सासूबाईंचंच नाव आहे, भरती झाले तेव्हाचं. लग्नाची नोंद झालीय, मुलीची पण झालीय, पण ते नाव तसंच राहिलंय. मी काही बोलले तर सासूबाईंना वाटेल की ही आतापासून त्याचं मरण धरून बसली. आणि ह्यांना सांगितलं तर ते काय समजतील. त्या मला आईसारख्या आहेत हो, वाईट नाहीत. पण पोरगी आहे ना.

मलाकाल_रिटर्न
ताई, ते खरं आहे, नाकारत नाही. ९ एप्रिल २०१३, जोंगलेई भागात आपल्या एस्कॉर्टवर हल्ला झाला, पाच जवान गेले, त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या तळावर आणखी दोन. आमच्या ट्रेनिंगला ते दोन्ही शिकवलं होतं, काय चुकलं, काय बदललं. धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही काश्मीरची पोस्टिंग काढलीय ना, तशीच समजा. फक्त एक करा, दोघांनी आत्ताच ठरवा की तीन-चार दिवस फोन नाही आला तर घाबरायचं नाही. लांबच्या पेट्रोलला गेले की आठ-आठ दिवस नेट नसतं. त्यांनी निघायच्या आधी एक ठरलेला शब्द पाठवायचा, आम्ही 'शेतावर चाललो' असं लिहायचो. काही कमीजास्त झालंच तर बातमी युनिटकडून येते, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाही. ग्रुपवरचं काही खरं मानू नका. शोधणं बंद करा मोबाईलवर.

जुना_हवालदार
व माय, मी म्हातारा माणूस, सत्तरीला आलो, नातू टाईप करून राहिला आणि मी सांगतो. मी सोमालियाला होतो, १९९३-९४, बैदोआला. तेव्हा ना मोबाईल ना काय, पत्र जायचं एपीओच्या (फौजी टपालाच्या) पत्त्यावर आणि तीन आठवड्यांनी उत्तर यायचं, तोवर भांडण कशावरून झालं होतं तेच विसरून जायचो. एकदा घरून पत्र आलं की म्हैस आजारी आहे, आणि पुढचं पत्र आलं त्यात म्हशीचं नावच नाही. दीड महिना मला कळेना म्हैस जगली का मेली. येताना आरमाराची जहाजं किसमायोला घ्यायला आली, डिसेंबर १९९४ ला, जहाजावर पण मला म्हशीचाच विचार. जिवंत होती.

आता तू जे विचारलं ते. ते तू बोलायचंच नाही, तुझं काम नाही ते. ते त्याने बोलायचं, स्वतःच्या आईशी, तू चहा करायला आत जायचं. फौजी माणसाला यात काही वावगं वाटत नाही, जायच्या आधी आम्हाला साहेब लोक रांगेत उभं करून विचारायचे, नॉमिनी कोण, मृत्युपत्र भरलं का, जसं बूट घातले का विचारतात तसं. घरी येऊन तोंड उघडत नाहीत ती गोष्ट वेगळी. तू त्याला फक्त एवढं म्हण, तुमची कागदं एकदा मला वाचून दाखवा, वकील भाऊनी सांगितलंय. त्याच्या तोंडूनच ते नाव वाचलं जाईल, मग त्याला कळेल.

माझी आई निरक्षर होती. मी तिला सांगितलं होतं की बाई, कागदावर तुझं नाव होतं, आता हिचं आणि पोरांचं घालतो. ती चुलीजवळ बसली होती, मागं न बघताच म्हणाली, "मन्हं नाव काढं ते काढं, पन कानबाईना रोटमा तुन्हं माप मी टाकसूच." आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण माणशी मापाने काढतात, माणूस घरी असो नाहीतर नसो. झालं, एवढंच बोलणं झालं त्या विषयावर. काय चिंता करू नको, समदं बरं व्हई.

बांधावरचा_वकील
हवालदार बाबा, नमस्कार तुम्हाला. वहिनी, बँकेचं पण बघून घ्या, नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी टाकता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. म्हणजे निदान तिथं तरी कुणाचं नाव खोडायची गरज नाही, सासूबाईंचं राहील, तुमचं आणि मुलीचं पण येईल.

रावेरची_केळी
मी पण हा धागा सेव्ह करून ठेवलाय, माझ्या भावाचं पुढच्या वर्षी लागायचं आहे. एक ॲड करते, रोटेशन लांबू शकतं हे मनात धरून ठेवा. २०२० ला कोरोनात यूएनने जूनअखेरपर्यंत सगळ्यांची अदलाबदल थांबवली होती, माझे दाजी तिकडेच अडकले, आणि इकडे ताईने घराला रंग देऊन, दारात रांगोळी काढून ठेवलेली.

गिरणाकाठची
बऱ्याच दिवसांनी येतेय, महिना होऊन गेला. ते गेले, पोचले, आता लिहायला हरकत नाही.

आधारचं झालं, गॅसचं झालं, मुखत्यारपत्र वकील दादांनी सांगितलं तसंच करून घेतलं, विक्रीचा अधिकार नाही हे वाक्य घालायला तिथला लिहिणारा आधी तयार नव्हता, मीच म्हटलं घाला. तहसीलला युनिटचं पत्र दिलं, पोच घेतली, टेबलावरून उठले नाही. तिथल्या साहेबांनी दोन वेळा बसा म्हटलं, तिसऱ्या वेळी शिक्का मारला.

मोटरचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. शेवटच्या चार रात्री मी स्टार्टरजवळ आणि हे बांधावर खाट टाकून बॅटरी धरून. दुसऱ्या रात्री फ्यूज गेला, हे उठायला लागले, मी म्हटलं बसा तिथंच. तार घातली, मोटर उचलली. मग कितीतरी वेळ आम्ही पाण्याचा आवाज ऐकत बसलो, आणि अकरा दिवसांत जे बोलणं झालं नव्हतं ते तेव्हा झालं. त्यातच ते कागदाचं पण निघालं, त्यांनीच काढलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंशी बोलले, मी चहा करायला आत. बाहेर काय झालं माहीत नाही, पण संध्याकाळी सासूबाई आल्या आणि त्यांची कपाटाची चावी माझ्या पदराला बांधून गेल्या, बोलल्या काहीच नाहीत.

झेलम एक्सप्रेसने गेले. पोरगी स्टेशनवर रडली नाही, आम्हीच रडलो. तिने त्यांच्या बॅगेत गेल्या पोळ्याचा मातीचा बैल घातला होता, एका शिंगाचा, ते दिल्लीला बॅग उघडल्यावर कळलं. आता रोज रात्री साडेआठला पहिला प्रश्न तिचा, बैलाने खाल्लं का.

धुळ्याची_वहिनी
डोळ्यात पाणी आणलं बाई तुम्ही. आता पहिला महिना सरला ना, पुढचे दोन जड जातात, मग लागते सवय. इथं येत जा.

मलाकाल_रिटर्न
गोळी विचारता ना रोज? आणि ताई, एक विचारायचं होतं, बिबडे पोचले का अख्खे?

गिरणाकाठची
विचारते दादा, दर रविवारी, कॅलेंडरवर खूण करते. बिबड्यांचा पार भुगा झाला. त्यातच कच्चं तेल, तिखट अन् कांदा टाकून सगळ्या तंबूने खाल्ला म्हणे. आता सगळ्यांनी मागितलेत, सासूबाई परत ज्वारी भिजवून बसल्यात.